दोषांक आणि दोषनिर्णय : थ्रॉटल-संवेदकाच्या इतिहासातील एक प्रश्न

मोटारीच्या इंजिनात हवा किती शिरावी हे थ्रॉटलची झडप ठरविते. कार्ब्युरेटरच्या काळात हवेच्या ओघाबरोबर इंधन आपोआप ओढले जाई. झडप किती उघडली आहे हे वेगळे कळविण्याचे कारण नव्हते. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण पद्धती आली. तीत झडपेच्या आसाशी एक स्विच जोडलेला होता. पुढे अनेक गाड्यांत त्याची जागा पोटेन्शिओमीटरने घेतली. त्याला तीन तारा असतात : पाच व्होल्टांच्या पुरवठ्याची, भूतार आणि संकेताची. झडप मिटलेली असता संकेत सुमारे अर्धा व्होल्ट, तर पूर्ण उघडली असता साडेचारच्या आसपास असतो.

दोष शोधण्याचे काम गाडीनेच करावे, हा विचार प्रदूषण-नियमांतून पुढे आला. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंनिदान सक्तीचे केले. १९९६ पासून सर्व अमेरिकेत नव्या मोटारींना समान दोषांक लागू झाले. भारतात चारचाकी वाहनांसाठी ही व्यवस्था २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांनी आली.

येथेच एक गैरसमज रूढ झाला. ‘पी ०१२२’ हा अंक उमटताच संवेदक बदलण्याची प्रथा पडली. वस्तुतः हा अंक एवढेच सांगतो की, संकेताचा दाब अपेक्षेहून कमी आहे. पुरवठ्याची तार तुटली, संकेताची तार सांगाड्याला भिडली अथवा संवेदक निकामी झाला, तरी अंक तोच. उलट भूतार तुटली तर संकेत पाच व्होल्टांकडे चढतो आणि निर्दोष संवेदकावर ‘पी ०१२३’ चा आरोप येतो.

म्हणून जुन्या कारागिराची रीत आजही प्रमाण मानावी लागते. प्रथम जोडणी सोडून पुरवठा व भूतार व्होल्टमापकाने तपासावी. दोन्ही ठीक असल्यास पुरवठ्याची व संकेताची तार क्षणभर जोडून पाहावी. नियंत्रकाने पाच व्होल्ट दाखविले, तर तारा व नियंत्रक निर्दोष. मगच संवेदकावर संशय घ्यावा. या पायऱ्या वगळल्या, तर मालकाला न बिघडलेल्या भागाचे मोल द्यावे लागते आणि दोष जागीच राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. दप्तरातील कागद साक्ष देतो; निर्णय मात्र साक्ष पडताळूनच करावयाचा असतो.