नोम किती लांब?

मंडळी, एखादं गाव किती लांब आहे असं विचारलं, तर जाणता माणूस नुसते मैल सांगत नाही. "आत्ता निघालात तर दिवस मावळेतो पोचाल," असं सांगतो. अंतराचा खरा हिशेब वेळेचा असतो. हा हिशेब एकदा लेकरांच्या जिवावर बेतला होता, त्याची ही हकीकत आहे.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का हा बर्फाळ मुलूख आहे. तिथल्या फेअरबँक्सहून मॅकग्रा हे गाव सुमारे ३०० मैलांवर. हिवाळ्यात टपाल कुत्र्यांच्या बर्फगाडीने जाई; त्याला अडीच-तीन आठवडे लागत. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयलसन याने टपालाच्या थैल्या विमानात घातल्या आणि तीन तासांच्या आत मॅकग्रा गाठलं. हा आयलसन मुळात फेअरबँक्सच्या शाळेत शिकवायला आलेला मास्तर!

तुम्ही म्हणाल, आता कुत्र्यांचं काम संपलं. पण वर्ष भरायच्या आतच निराळा प्रसंग आला.

पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावात जानेवारी १९२५ मध्ये मुलांना घटसर्प झाला. समुद्र गोठलेला, त्यामुळे बोटी बंद. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्श. त्यांच्याजवळचं औषध मुदत संपलेलं. त्यांनी मदतीसाठी तारा केल्या. अँकरेजच्या रेल्वे इस्पितळात औषधाचा साठा सापडला. तो आगगाडीने नेनानापर्यंत आला. तिथून नोम ६७४ मैल, आणि टपालाला या वाटेवर एरवी तीन आठवड्यांहून जास्त लागत.

विमान न्यावं, असा अनेकांचा आग्रह होता. पण फेअरबँक्सची विमानं हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली, वैमानिकाची बैठक उघडी, आणि आयलसन त्या वेळी अलास्काबाहेर. विमान वाटेत पडलं असतं तर वैमानिकही गेला असता आणि औषधही. गव्हर्नर स्कॉट बोन यांनी कुत्र्यांवर भरवसा ठेवला.

२७ जानेवारीच्या रात्री पहिली गाडी निघाली. २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्रे. त्या गाडीवानांत तिथले मूळ रहिवासीही बरेच होते. एकाने दुसऱ्याच्या हाती औषध द्यायचं, अशी ही दौड. थंडी शून्याखाली ४५ अंशांच्याही पलीकडे. लिओनार्ड सेपाला याने टोगो या म्होरक्या कुत्र्याच्या जोरावर सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा पार केला. २ फेब्रुवारीच्या पहाटे गुन्नार कासेनची गाडी नोममध्ये शिरली. पुढे बाल्टो होता. सारा प्रवास साडेपाच दिवसांच्या आत झाला.

औषधाच्या दुसऱ्या खेपेला विमानाची तयारी झाली होती; पण इंजिन बिघडलं आणि ते उडालंच नाही. ती खेपही कुत्र्यांनीच नेली.

आज अँकरेजहून नोमला जेट विमान दीडेक तासात जातं. बाहेरून नोमला जाणारा मोटाररस्ता मात्र अजून नाही. यंत्राचा वेग मोठा खरा. पण ते ऐन वेळी सुरू होईल आणि मुक्कामी पोचेल, याची खात्री यायला वर्षं जावी लागतात. तोवर जुनं साधन मोडीत काढू नये. गुरुजी, मुलांना अंतराचं गणित घालाल, तेव्हा नोमची ही गोष्ट जरूर सांगा.