टाइल्सच्या दरजा: चुन्यापासून इपॉक्सीपर्यंत



चातुर्मास जवळ आला की आपल्याकडे घराच्या डागडुजीची गडबड सुरू होते. त्यात बाथरूमचा विषय हमखास निघतो. टाइल्समधल्या दरजा काळ्या पडल्यात, बोट फिरवलं की भुगा निघतो. मिस्त्री म्हणतो, "काकू, सगळं फोडून नवीन करून टाका." त्याला हो म्हणण्याआधी दरजांचा थोडा इतिहास जाणून घ्या. दरज झिजण्यासाठीच असते, हे त्यातून कळतं.

आपल्या आजेसासूंच्या न्हाणीघरात टाइल्स नव्हत्या, दगडी फरशी होती आणि दरजांत चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळू किंवा विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून बैलाच्या घाणीत मळायची. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा होतो, पण फरशीच्या दगडापेक्षा मऊच राहतो. जमीन जरा दबली तर भेग चुन्यात जाते, फरशी वाचते. चुना पुन्हा भरला की काम झालं.

1824 साली इंग्लंडमध्ये लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. 1840 मध्ये रिचर्ड प्रॉसरने मातीची कोरडी पूड दाबून वस्तू घडवण्याची रीत काढली. त्या रीतीने केलेल्या टाइल्स एकसारख्या मापाच्या निघू लागल्या, म्हणून दरजाही बारीक झाल्या. मिंटन कंपनीच्या अशा विलायती टाइल्स मुंबईतही आल्या. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तिथली जमीन त्यांचीच आहे.

पुढे 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं आणि 1922 मध्ये स्वदेशीच्या वाऱ्यात मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली. चकचकीत टाइल्सचा जॉन्सनचा भारतातला कारभार 1958 चा. आपल्या लग्नाच्या सुमारास घरोघरी बसल्या त्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स आणि दरजांत पांढरं सिमेंट. साधं सिमेंट लोहामुळे करडं दिसतं. पांढऱ्यात लोह अगदी कमी ठेवतात. राजस्थानात गोटन इथे जे. के. चा पांढऱ्या सिमेंटचा कारखाना 1984 मध्ये निघाला.

सिमेंटची दरज सच्छिद्र असते. पाणी आणि साबणाचा मळ आत मुरतो, ओल टिकते आणि बुरशी धरते. जीवविचारात शेवाळ आणि बुरशी साधारण वनस्पतिकायात येतात, एका शरीरात अनंत जीव. म्हणजे काळी दरज नुसती अस्वच्छता नाही. दर आठवड्याला अ‍ॅसिड ओतणं तर दोन्ही बाजूंनी वाईट. जीवांची विराधना होते आणि अ‍ॅसिड सिमेंटही खातं, दरज आणखी पोकळ होते. ओल राहूच न देणं हीच खरी जयणा.

म्हणून काम पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत काढा. आधी प्रत्येक टाइलवर हलकेच टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर ती टाइल पुन्हा बसवून घ्यावी लागेल. बाथरूम दोन-तीन दिवस वापरू नका, पूर्ण सुकू द्या, मऊ झाडणीने पुंजून घ्या. मग जुनी दरज करवतीसारख्या पात्याने दोन-तीन मिलिमीटर खरवडायची, भुगा काढायचा, घट्ट चटणीसारखा माल रबरी पट्टीने तिरका दाबून भरायचा आणि ओल्या स्पंजने टाइल्स पुसायच्या. इपॉक्सी ग्राउट महाग, पण त्यात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवावं. हातमोजे हवेतच. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन भरा, तिथे थोडी हालचाल होतच असते.

आम्ही कॉमर्सवाल्या घसारा मांडायला शिकलो. टाइल भांडवल आहे, दरज तिचा घसारा. घसाऱ्याची वेळच्या वेळी सोय केली तर भांडवलाला हात लावावा लागत नाही. टाइल्स शाबूत असतील तर मिस्त्रीला सांगा, "दरजा तेवढ्या भरून द्या." चाळीस वर्षांपूर्वीच्या टाइल्सचं माप आणि तो पांढरा रंग आता बाजारात सहज मिळत नाही.