वावभर खडक व अर्धा शेर धान्य

माळशिरस तालुक्यातील जुन्या घराच्या माजघरात तांब्याची एखादी घागर हटकून आढळते. तिच्या काठावर घरातील कोणा सुनेचे नाव कोरलेले असते, अंगावर तांबटाच्या ठोक्यांच्या खुणा दिसतात. परंतु ते तांबे ज्याने भूगर्भातून वर काढले त्याची खूण मात्र कोठेच नसते. इतिहासाचीही तीच रीत आहे. अमक्या गव्हर्नराने धरण बांधले, तमक्या इंजिनियराने कालवा काढला, असे आपण सहज म्हणतो. ज्यांनी पहार चालविली व पाट्या वाहिल्या ते कामाच्या मापात विरून जातात. त्या मापाचाच थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी विलायतेहून हिंदुस्थानात जे तांबे विकावयास आणी, त्यातील बरेचसे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल प्रांतातील खाणींचे असे. तेथे खडक खोदणाऱ्यांस बांधलेला पगार नव्हता. ठरलेल्या दिवशी खाणीच्या कचेरीपुढे सारे जमत. खाणीचा मुख्य खडकाचा एकेक भाग पुकारी आणि कामगारांच्या टोळ्या ‘आम्ही याहून कमी दराने खोदू’ अशी उलटी बोली करीत. दर ठरे तो वावेवर. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता भरणारे अंतर, सुमारे 6 फूट. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांस धार लावण्याची मजुरी, हे सर्व त्यांच्याच हिशेबातून कापले जाई. खडक मऊ लागला तर महिना सुखाचा जाई. कठीण लागला तर पदरी कर्ज येई. दिवसभर खपल्यावर शेकडो फूट उंचीच्या शिड्या चढून वर यावे लागे. माणसे वर आणण्याचे यंत्र ट्रेसाव्हियन येथील खाणीत प्रथम बसले ते 1842 साली. खाणीच्या तोंडाशी बायका व मुली हातोड्यांनी तांब्याचे दगड फोडीत असत.

ही हकीकत वाचून वाईट वाटते खरे. तथापि बोली करण्याचा, किंवा न परवडल्यास गप्प राहण्याचा, अधिकार तरी त्या कामगारांस होता. आमच्याकडे दुष्काळी कामांवर जे मजूर खडक फोडीत व माती वाहत, त्यांस तोही नव्हता.

1876 साली पावसाने दगा दिला. खरीप बुडाले, रब्बीच्या ज्वारीची आशा मावळली, आणि ज्या जिल्ह्यांस अतिशय झळ पोहोचली त्यांत सोलापूर अग्रभागी होता. सरकारने दुष्काळी कामे काढली. माळशिरसच्या नैर्ऋत्येस, म्हसवडनजीक माण नदीवरील मोठा तलाव ह्याच दुष्काळात बांधावयास घेतला गेला. अशा कामांवर कुणबी, धनगर, बलुतेदार सारेच येत. पुरुष टिकाव-पहारीने खणीत, बायका पाट्या वाहत, पोरे खडी फोडीत. कॉर्नवॉलात वाव मोजीत, येथे खणलेली माती मोजीत. फरक इतकाच, की येथे मजुरीचा दर मजुरांनी मागावयाचा नव्हता. तो वरून यावयाचा होता.

1877 च्या 1 जानेवारीस दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच महिन्यात दुष्काळाच्या पाहणीवर नेमलेले सर रिचर्ड टेंपल ह्यांनी खर्चाच्या काटकसरीसाठी असे ठरविले, की मजुरास दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे सुमारे अर्धा शेर. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश ह्यांनी हरकत घेतली, की तुरुंगातील कैद्यासही ह्याहून अधिक अन्न मिळते.

मुंबई इलाख्यात मजुरांनी आपले उत्तर निराळ्या रीतीने दिले. कमी मजुरीवर गावापासून दूरच्या मोठ्या कामांवर जावे असे हुकूम सुटताच हजारो माणसे काम टाकून चालती झाली. भरल्या पोटी संप करणे एक, आणि घरी दाणा नसता संप करणे दुसरे. ह्या मजुरांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे सार्वजनिक काका, ह्यांच्या त्या सभेने सरकारकडे अर्ज धाडले. मद्रासेत मजुरी त्याच वर्षी वाढवावी लागली. टेंपलसाहेब तर त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. परंतु 1880 च्या दुष्काळ कमिशनने पुरे काम करणाऱ्या पुरुषास दीड पौंड धान्य लागते हे मान्य केले, आणि 1883 साली दुष्काळी कामांचे नियम ग्रंथबद्ध झाले. त्या दीड पौंडामागे काम टाकून उपाशीपोटी घरी परतलेल्या माणसांचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

पुढे 1928 साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या रानांत खेळू लागले, ऊस आला, माळीनगर व श्रीपूर येथे कारखाने उभे राहिले. धरणास गव्हर्नर लॉईड ह्यांचे नाव मिळाले. कालवा खणणाऱ्यांच्या नावांची यादी कोणी लावली नाही. मापाच्या वहीत त्यांची माती मोजलेली आहे. तेवढ्यावरून त्यांस ओळखावयाचे. पण माणसाच्या भुकेचे माप दुसऱ्याने ठरवावे, हे 1877 साली ज्यांनी नाकारले, त्यांची ओळख आपण ठेवली पाहिजे.