कमी खर्चात घरचा राउटर: जुन्या वाड्यापासून नव्या फ्लॅटपर्यंत

पुण्याच्या सदाशिव पेठेत अजूनही दगड-विटांच्या जाड भिंतींचे काही वाडे उभे आहेत. शेजारीच सिमेंटच्या नव्या इमारती आहेत, आणि मधल्या गल्ल्यांत अभ्यासिका, खानावळी, कॉट बेसिसवरच्या खोल्या. मराठवाड्यातून, सोलापुरातून, खानदेशातून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेली आपली मुलं-मुलीही इथे राहतात. घर वाड्यातलं असो की फ्लॅट, तक्रार एकच असते: "नेट आहे, पण आतल्या खोलीत येत नाही."

मग कुणीतरी सांगतं, मोठा राउटर घ्या. दोन-तीन हजार रुपये जातात आणि आतल्या खोलीत परत तेच. मधल्या घरांत ही रक्कम म्हणजे गॅस सिलिंडर आणि पंधरा-वीस दिवसांचं दूध. म्हणून पैसे काढायच्या आधी काय तपासायचं आणि कशावर खर्च करायचा, ते आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

फायबरची तार ज्या डब्यात येते, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बऱ्याच कंपन्यांच्या या डब्यातच वाय-फाय असतं. त्या डब्याला केबलने लॅपटॉप जोडा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉप नसेल तर डब्याशेजारी उभं राहून मोबाइलवर करा. तिथेच वेग कमी असेल तर दोष लाइनचा किंवा प्लॅनचा आहे, कंपनीकडे तक्रार नोंदवा. नवा राउटर घेऊन काही होणार नाही. डब्याजवळ वेग पुरा आणि आत गेल्यावर कमी, असं असेल तरच पुढे वाचा.

वेगाचा हिशेबही समजून घ्या. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साधारण १२ एमबीची फाइल उतरते, १०० एमबीची नव्हे. व्हिडिओ वर्गाला ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, एचडी व्हिडिओला ५ च्या आसपास. चार-पाच माणसांच्या घराला ४० ते १०० चा प्लॅन सहसा भरपूर होतो. महागड्या प्लॅनचे पैसे आधी वाचवा.

भिंत आणि बँड

वाय-फायचे दोन मुख्य बँड आहेत. २.४ गीगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतो, पण वेग कमी. ५ गीगाहर्ट्झचा वेग जास्त, पण एक-दोन जाड भिंतींत तो दमतो. शिवाय पेठेत घराला घर लागून. शेजारच्या दहा-पंधरा घरांचे राउटर त्याच २.४ वर बोलत असतात, त्यामुळे गर्दी होते. या बँडवर १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडा आणि चॅनेलची रुंदी २० ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

जागाही बदलून बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर निम्मं काम गमावतो. घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ठेवा. नुसत्या जागाबदलाने बऱ्याच घरांचा प्रश्न मिटतो.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा.

पहिली, ड्युअल बँड आहे का. फक्त २.४ चा '३०० एमबीपीएस' राउटर हजाराच्या आसपास मिळतो. एकट्या विद्यार्थ्याच्या खोलीला तो चालतो, कुटुंबाला अपुरा पडतो.

दुसरी, मागचे पोर्ट गीगाबिट आहेत का. इथे पुष्कळ लोक फसतात. खोक्यावर 'एसी १२००' लिहिलेलं असतं. म्हणजे दोन बँड मिळून कागदावरचा वेग, ३०० अधिक ८६७. पण पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर तारेतून आत शंभराच्या वर येणारच नाही. उदाहरणार्थ, टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही 'एसी १२००' म्हणून विकले जातात, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गीगाबिट. प्लॅन शंभराच्या आत असेल तर पहिल्या जातीचा राउटर पुरतो. पुढे प्लॅन वाढवायचा विचार असेल तर गीगाबिटच घ्या.

तिसरी, वाय-फायची पिढी. 'वाय-फाय ५' म्हणजे एसी, 'वाय-फाय ६' म्हणजे एएक्स. घरात एकाच वेळी दहा-बारा उपकरणं चालत असतील तर वाय-फाय ६ चा उपयोग आहे, पण मोबाइल जुने असतील तर त्यांना फारसा फरक पडणार नाही. अँटेना किती आहेत यावर जाऊ नका. चार दांड्या म्हणजे दुप्पट पल्ला, असं नसतं.

आतल्या खोलीचा स्वस्त इलाज

जाड भिंतीवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तार. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत गीगाबिट वेग नेते. मीटरला साधारण वीस-पंचवीस रुपये पडतात. दाराच्या चौकटीवरून किंवा पट्टीतून ती आतल्या खोलीत न्या आणि तिथे घरात पडून असलेला जुना राउटर लावा. काही राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' मोड असतो, तो निवडा. नसेल तर तीन कामं करा: जुन्या राउटरचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. झाला दुसरा राउटर, खर्च फक्त तारेचा.

भाड्याच्या घरात मालक तार ओढू देत नसेल तर रिपीटर घ्या. पण तो अंधाऱ्या खोलीत लावू नका. जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावा. एकाच बँडवर घेऊन पुढे देणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो, हेही धरून चाला. मेश संच चांगला असतो, पण महाग. दोन खोल्यांच्या घराला त्याची गरज नाही.

वीज गेली तर

परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस आणि वीज गेली, तर इमारतीबाहेर लाइन चालू असूनही घरातलं नेट बंद पडतं. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस साधारण हजार ते दीड हजारात मिळतो. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते, हे विसरू नका. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही आहेत. चुकीचा लावला तर राउटर जळू शकतो.

पासवर्ड, शेजारी आणि मुलं

राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. शेजाऱ्याला मदत करणं चांगलंच, पण कनेक्शन ज्याच्या नावावर, चौकशी आधी त्याच्याकडेच येते. म्हणून पासवर्ड इमारतभर फिरू देऊ नका.

मुलांसाठी एक फुकटची सोय आहे. राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते टाका. क्लाउडफ्लेअरची ही सेवा घातक आणि अश्लील साइट बरीचशी अडवते. हुशार पोरं वाट काढतात, तेव्हा अम्मी-अब्बांनी सोबत बसणं याला पर्याय नाही. झोपायच्या वेळी नेट बंद करायची सोयही बऱ्याच राउटरमध्ये असते.

खरेदी करताना

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली सदाशिव पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथला भाव आणि ऑनलाइन भाव दोन्ही बघा. पक्कं जीएसटी बिल घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. तक्रार ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

हप्त्यावर घेत असाल तर एक ध्यानात ठेवा. 'नो कॉस्ट' हप्त्यातही बँक बहुधा व्याज लावते आणि तेवढी सवलत किमतीतून वजा दाखवली जाते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच खिशातून जाते. व्याजापासून दूर राहणाऱ्या घरांनी दोन महिने थांबून रोखीने घेतलेलं बरं.

थोडक्यात हिशेब

कॉट बेसिसची खोली: कंपनीचाच डबा, योग्य चॅनेल. खर्च शून्य.
दोन खोल्यांचं घर: ड्युअल बँड राउटर, साधारण दीड ते अडीच हजार.
जाड भिंतींचा वाडा: आहे तो राउटर, वीस मीटर केबल आणि जुना राउटर. साधारण पाचशे.

सर्वांत अवघड घराचा इलाज स्वस्तात होतो, तो असा. म्हणून दुकानात जाण्याआधी एकदा कपाटातला जुना डबा बाहेर काढा.