हातोडा, मालक आणि मिल

लंडनचा वेस्ट हॅम हा फुटबॉल संघ. १८९५ साली टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांसाठी तो निघाला. कारखाना १९१२ ला बंद पडला. पण चाहते संघाला आजही ‘हॅमर्स’, म्हणजे हातोडेच म्हणतात, आणि त्याच्या बोधचिन्हावर रिबिटी ठोकणारे दोन हातोडे आहेत.

आपल्याकडे हत्याराचं नाही, मालकाचं नाव लागतं. गोव्यातले धेंपो आणि साळगावकर हे क्लब खाणमालक घराण्यांचे. धेंपोने राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली, पण नावात लोहखनिज उपसणाऱ्याचा मागमूस नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये देशात पहिला आला. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. संघासोबत नावही गेलं.

आमच्या नांदेडची कापडगिरणी होती उस्मानशाही मिल. नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं. म्हणजे इथेही नाव वरूनच आलं, आणि साच्यावर उभा राहणारा विणकर निनावीच राहिला.

२०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. गिरण्यांच्या सोलापूरचा संघ निघाला, त्याचं नाव काय? रॉयल्स! ज्या शहराने चादर विणून पोट भरलं, त्याला राजेशाही कशाला हवी होती?

नांदेड-लातूरचे संघ पुढेमागे निघालेच, तर नांदेडकरांना ‘साचेवाले’ म्हणा आणि लातूरकरांना ‘डाळमिलवाले’. हसणारे हसू देत. टोप्यांच्या धंद्यावर वाढलेल्या इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या संघाला लोक ‘टोपीवाले’च म्हणतात.