वाळूचा पैसा, नदीचं पाणी

आमच्या खानापूर तालुक्यात येरळा उन्हाळ्यात कोरडी दिसायची, पण वाळूत हातभर उकरलं की पाणी लागायचं. मग ठेकेदारांचे ट्रक आले. वाळू गेली, तशा काठच्या विहिरीही आटल्या. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि आबा मुंबईहून परतले, ते या दुष्काळात.

असे परतलेले कामगार आणि शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. बलवडी-तांदूळवाडीकरांनी मागणं मांडलं: थोडी वाळू आम्हीच विकू, त्या पैशातून येरळेवर धरण बांधू.

आबांना पटेना. "आपुन बी वाळूच इकायची व्हय?"

आई म्हणाली, "अवो, त्यांचा पैसा ट्रकमधनं जातुया. आपला नदीतच ऱ्हाईल की."

परवानगीसाठी भांडावं लागलं. काम सुरू झालं तेव्हा आबाही दगड उचलायला होते. शहरातली पोरं-पोरीही श्रमदानाला आली. बळीराजा धरण उभं राहिलं. पाण्याचा वाटा एकरावर नव्हे, कुटुंबावर ठरला, भूमिहीनालाही सारखाच.

आमचं रान जेमतेम अर्धा एकर. पण नदीत आपला हिस्सा बागायतदाराएवढा, याचं आबांना मरेपर्यंत अप्रूप होतं.