मॉर्फिनचे कुलशील

माघ-फाल्गुनाच्या सुमारास मंदसौर, नीमच, रतलाम या माळव्याच्या मुलखात खसखशीच्या झाडावरील पाकळ्या गळून पडल्या, म्हणजे मागे उरलेल्या हिरव्या बोंडांना दुपारच्या उन्हात टोकदार हत्याराने बारीक चिरे देतात. रात्रभर त्यांतून पांढरा चीक झिरपत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबूस-काळसर होऊन आळलेला तो चीक पात्याने खरवडून भांड्यात गोळा करतात. हीच अफू. तिकडच्या बोलीत बोंड म्हणजे डोडा, चिरा देणे ती चिराई आणि खरवडणे ती लुवाई. या पिकाला सरकारी परवाना लागतो, त्याला शेतकरी पट्टा म्हणतात. शेताची मोजणी होते, आणि निघालेला सर्व माल ठरलेल्या भावाने सरकारच्याच तराजूवर घालावा लागतो. एवढा कडेकोट बंदोबस्त ज्या वस्तूला लागावा, तिच्यात वेदना हरण करण्याचे आणि माणसाला गुलाम करण्याचे असे दोन्ही गुण एकत्र वसतात. हे दोन गुण एकमेकांपासून फोडून वेगळे करता येतील या आशेवर गेल्या दोन शतकांतील कित्येक बुद्धिमान माणसांनी जे उद्योग केले, त्यांचा वृत्तान्त म्हणजेच मॉर्फिन आणि त्याच्या भाऊबंदांची कुळकथा होय.

चरक-सुश्रुतांना अफू ठाऊक नव्हती. अहिफेन या नावाने ती शार्ङ्गधराच्या संहितेत आढळते, आणि अरबांच्या व्यापाराबरोबर ती या देशात आली असे सामान्यतः मानतात. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात एक सबंध प्रकरण अफूला दिले आहे. पुढे औषध मागे पडले आणि महसूल पुढे आला. बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनी सरकारने १७७३ पासून आपल्या हाती घेतला. परंतु शिंदे-होळकरांच्या अमलाखालील माळव्याची अफू त्या मक्त्याबाहेर राहिली, व पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे निसटू लागली. तेव्हा १८३० च्या सुमारास कंपनीने शहाणपण करून, पेटीमागे जकात भरणाऱ्यास मुंबईचा मार्ग मोकळा केला. चीनच्या या व्यापारात ज्यांनी अपार द्रव्य मिळविले त्यांत सर जमशेटजी जीजीभाई हे अग्रगण्य होते. आणि १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजाबरोबर जे रुग्णालय उभे राहिले, ते त्यांच्याच उदार देणगीतून. अफूच्या पैशातून रुग्णसेवा उभी राहिली, तसा अफूचा घरगुती उपयोगही त्या शहरात काही कमी नव्हता: पुढे गिरण्या निघाल्यावर त्यांत कामाला जाणाऱ्या बायका, मागे राहिलेले तान्हे मूल निजून राहावे म्हणून, त्याला अफू घातलेली बाळगोळी चारीत.

अफूतील सत्त्व प्रथम हाती लागले ते मात्र जर्मनीतील पाडरबोर्न गावी, फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण औषधविक्यास. १८०५ च्या सुमारास अफूच्या अर्कात अमोनिया घालून त्याने त्यातून स्फटिक खाली बसविले, आणि पुढे स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्या द्रव्याचे नामकरण केले; तेच आजचे मॉर्फिन. विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही. म्हणून पुढे त्याने स्वतः आणि तीन तरुण मित्रांनी अर्धा-अर्धा ग्रेन औषध पाऊण तासाच्या आत तीनदा घेतले. चौघांचीही अवस्था अशी झाली की, ओकारीसाठी त्याला सर्वांना व्हिनेगर पाजावे लागले. त्याच्या १८१७ च्या लेखानंतर मात्र हे सत्त्व जगन्मान्य झाले, आणि १८२७ मध्ये डार्मश्टाट येथील मेर्क यांनी त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. अफूच्या गोळीत सत्त्वाचे प्रमाण किती याचा भरवसा नसे. आता मात्रा तराजूवर तोलता येऊ लागली, हा लाभ खरोखरच मोठा होता.

परंतु सत्त्व शुद्ध झाले म्हणजे दोषही गळून जाईल, ही अपेक्षा फसली. १८५३ मध्ये एडिनबरोच्या अलेक्झांडर वुड याने पोकळ सुईने मॉर्फिन कातडीखाली टोचले, तेव्हा पोटात न गेलेल्या औषधाची चटक लागणार नाही असे कित्येकांना वाटले. प्रत्यक्षात सुईने ती अधिक त्वरेने लागली. १८७४ मध्ये लंडनमध्ये राइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनपासून एक नवे संयुग बनविले होते; तेच १८९७ च्या ऑगस्टात, ॲस्पिरिन तयार केल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने पुन्हा सिद्ध केले, आणि पुढच्या वर्षी खोकल्यावरील औषध म्हणून ते हेरॉइन या नावाने बाजारात आले. त्याचा पुढचा लौकिक सर्वश्रुत आहे. शंभर वर्षांनीही हाच भ्रम नव्या वेषात अवतरला: १९९६ मध्ये अमेरिकेत आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीतून औषध हळूहळू झिरपते, म्हणून तिचा दुरुपयोग होण्याचा संभव कमी, अशी तिची जाहिरात झाली, आणि २००७ मध्ये ती विकणाऱ्या पर्ड्यू समूहातील कंपनीला, आपण त्या बाबतीत दिशाभूल केली, असा गुन्हा न्यायालयात कबूल करावा लागला.

हे अपयश वारंवार का यावे, याचे उत्तर १९७३ नंतर मिळाले. मेंदूतील पेशींवर या द्रव्यांना धरून ठेवणारी ग्राही स्थाने आहेत, असे त्या वर्षी सिद्ध झाले, आणि १९७५ मध्ये ॲबरडीन येथे ह्यूज व कॉस्टरलिट्झ या संशोधकांनी शरीर स्वतःच निर्माण करीत असलेले तत्सदृश द्रव्य शोधून काढले. ज्या जातीच्या ग्राहीवर मॉर्फिन बसले असता वेदना शमते, त्याच जातीच्या ग्राही श्वासाची लय राखणाऱ्या मस्तिष्कस्तंभात असतात आणि आतड्यांतही असतात. म्हणून वेदनेबरोबर श्वासही मंदावतो व बद्धकोष्ठ होतो. शरीर सरावले की मात्रा वाढवावी लागते, आणि काही दिवस औषध सुटल्यावर कोणी पूर्वीचीच मात्रा घेतली, किंवा मद्य व झोपेच्या गोळ्या तिच्या जोडीस आल्या, तर श्वासच थांबतो. नॅलोक्सोन हे प्रतिऔषध त्या ग्राहीवरून मॉर्फिनला हुसकावून काही मिनिटांत श्वास परत आणते. परंतु त्याचा अंमल अल्पकाळ टिकतो, म्हणून रुग्णास नंतरही नजरेखाली ठेवावे लागते.

भयाची दुसरी बाजू आपल्या देशाने भोगली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे इतके जाळे विणले की पुढील दशकभरात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. जगाला कायदेशीर अफू पुरविणाऱ्या देशात कर्करोगाचे रोगी मात्र एका गोळीवाचून तळमळत राहिले. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेदनेच्या पायरीप्रमाणे, तोंडाने आणि घड्याळाच्या ठरल्या वेळी औषध देण्याची रीत घालून दिली. त्याच वर्षी मुंबईत शांती आवेदना हे देशातील पहिले अंतिमशुश्रूषा केंद्र सुरू झाले, आणि १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामास संस्थेचे रूप दिले. २०१४ च्या दुरुस्तीने अनेक खात्यांच्या परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त रुग्णालयास एकच परवाना पुरेसा ठरविला. कायद्याचा अडसर सैल झाला. पण हेरॉइनने आणि ऑक्सिकॉन्टिनने जे शिकविले ते विसरून चालणार नाही, आणि तळमळणाऱ्या रोग्यांनी जे शिकविले तेही. दोन्ही गुण एकाच ग्राहीवर बसलेले असल्यामुळे ते वेगळे करण्याचे काम रसायनशाळेकडून होणे कठीण. ते रुग्णास तपासून, मात्रा ठरवून, बद्धकोष्ठावरचा उपाय आरंभापासून जोडून आणि दर भेटीस पुन्हा हिशेब घेऊनच करावे लागते. मॉर्फिन लिहून देताना ज्याचा हात भयाने आखडतो तो वैद्य, आणि ज्याला ते लिहिताना थोडेही भय वाटत नाही तो वैद्य, हे दोघेही या औषधाच्या बाबतीत सारखेच अनधिकारी होत.